मागचंही दिसेल असा कॅमेरा

मिस्त्रीने मागचं चाक हाताने फिरवलं, टायरवर अंगठा दाबून पाहिला आणि विचारलं, "मागे रोज कोण बसतं?"

"कोणी नाही," एक्स-रेवाले म्हणाले.

"मग सामान वाहता?"

"डबा आणि रेनकोट. बस."

मिस्त्रीने 'बरं' म्हणून मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. उभी हयात मोटरसायकली उघडण्यात गेलेला माणूस तो. गाडीचं पोट बघून मालकाचा स्वभाव सांगायचा. "एकट्या माणसाच्या गाडीचा टायर इतक्या लवकर झिजत नाही," तो म्हणाला. "स्प्रिंगही बसलीय. हे दोन माणसांचं काम आहे. आता सांगायचं नसेल तर नका सांगू, आपल्याला काय करायचंय." आणि तो गालातल्या गालात हसला.

एक्स-रेवाल्यांना हसू आलं नाही. त्यांनी नवा टायर टाकायला सांगितला आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.

त्यांचं वय सत्तावन्न. हॉस्पिटलच्या तळघरात एकतीस वर्षं लोकांच्या हाडांचे फोटो काढत आले होते. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' एवढी तीन वाक्यं ते दिवसाला दीडशे वेळा बोलत आणि बाकी फारसं बोलत नसत. माणसाच्या आतलं दाखवायचं हाच धंदा, त्यामुळे जे फोटोत येत नाही ते नाहीच, असं त्यांचं सरळ मत होतं. बायको गेल्यावर लोकांनी सांत्वनापोटी नाना गोष्टी सांगितल्या, ती तुमच्या आसपासच आहे वगैरे. त्यांनी त्या एका कानाने ऐकल्या आणि दुसऱ्याने सोडून दिल्या.

पण गेलं वर्षभर ते दर रविवारी डोंगराच्या रस्त्याने एकटे गाडी काढत होते, आणि शहरातला शेवटचा सिग्नल सुटला की मागे वजन यायचं. गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं व्हायचं. ब्रेक दाबला की पाठीवर काहीतरी हलकेच येऊन टेकायचं आणि गाडी पुन्हा वेग धरू लागली की मागे सरायचं. दोन माणसं घेऊन तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे वजन ओळखता येतं. आरशात बघावं तर मागे मोकळा रस्ता. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. वय झालं, पाठ धरली असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती. आता मिस्त्रीच्या अंगठ्यालाही तेच लागलं होतं.

त्याच आठवड्यात ते कॅमेऱ्याच्या दुकानात गेले.

दुकान मोटरसायकलवाल्यांचंच होतं. भिंतीवर हेल्मेटं, खुंट्यांना जॅकेटं, काचेच्या कपाटात काडेपेटीएवढाले कॅमेरे. दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, आखूड केसांची. तिला सगळे कप्तान म्हणत, कारण रविवारी वीस-वीस गाड्यांचा ताफा घेऊन निघायची आणि सगळ्यात पुढे तीच असायची.

"कशासाठी हवाय, काका?"

"गाडी चालवताना रेकॉर्डिंग करायला."

"ते झालंच. पण बघायचंय काय? रस्ता बघायचाय, स्वतःला बघायचंय, की लोकांना दाखवायचंय? त्यावर सगळं ठरतं. खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. आकडे मोठे म्हणून कॅमेरा चांगला, असं नसतं."

एक्स-रेवाले जरा घुटमळले. "मागचं दिसेल असा आहे का?"

"मागून येणाऱ्या गाड्या?"

"नाही. मागची सीट."

कप्तानने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती हसली नाही, की तिने चौकशीही केली नाही. कपाट उघडून तिने एक चौकोनी, एक लांबट आणि एक दोन्ही बाजूंना डोळे असलेला, असे तीन कॅमेरे काचेवर मांडले. "हा हँडलवर बसतो. सोपा, पण गाडीची सगळी थरथर ह्याच्या हाडात शिरते. हा हेल्मेटच्या हनुवटीला लावायचा. तुम्ही जिकडे बघाल तिकडे हाही बघणार, आणि माइक तोंडाशी येतो, म्हणून आवाज चांगला. बाकी ठिकाणी वारा सगळं खाऊन टाकतो. आणि ह्याला दोन भिंगं. मागे काठीवर उभा केला की पुढचं, मागचं, आभाळ, तुम्ही, सगळंच टिपतो. नंतर घरी बसून हवं तिकडे वळून बघायचं."

"मग हाच द्या."

"घाई नको. हे दाखवायला ठेवलेले आहेत. एकेक रविवार एकेक न्या आणि मग ठरवा. लोक भरमसाट पैसे मोजून घेऊन जातात आणि महिन्याभरात खणात टाकतात. बॅटरी खोक्यावर दीड तास लिहिलीय, तुम्ही तासभर धरा. डोंगरात गारठा असेल तर त्याहून कमी."

तर असं ते तीन रविवारांचं ठरलं.

पहिल्या रविवारी हँडलवरचा. सकाळी लवकर जाऊन दुपारपर्यंत ते घरी परतले, तेव्हा लेक आलेली होती. ते तिला चिमणी म्हणत. एकोणतीस वर्षांची झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं घर झालं, तरी चिमणीच. ती एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. आवाज आला की हात वर करा, असं सांगत दिवसभर काचेपलीकडे बसायची. आई गेल्यापासून दर रविवारी दुपारी यायची, बापाचा फ्रिज उघडून बघायची आणि रागवायची.

"कॅमेरा?" ती म्हणाली. "तुम्ही? लग्नाच्या फोटोत सुद्धा डोळे मिटून उभे आहात."

"आठवण राहील म्हटलं, रस्त्यांची."

तिने कार्ड लॅपटॉपला लावलं. रस्ता, झाडं, पुन्हा रस्ता. चित्र इतकं हलत होतं की पाच मिनिटांत दोघांचे डोळे गरगरले. मग डोंगराची चढण लागली, वळणं आली, लहानसा पूल आला, आणि पुलाच्या टोकाशी आवाजात दोन ठोके पडले. टक, टक.

एक्स-रेवाल्यांनी खुर्चीचा हात धरला.

"काय झालं?" चिमणीने विचारलं.

"मागे घे जरा."

तिने मागे घेतलं. टक, टक. तिने मान तिरकी केली, दवाखान्यात करते तशी, आणि तिसऱ्यांदा ऐकलं. "पुलाचा सांधा आहे हो. लोखंडी पट्टी असते ना टोकाला. आधी पुढचं चाक जातं, मग मागचं. म्हणून दोन."

बरोबर होतं तिचं. चोख बरोबर होतं. तरी त्यांनी खुर्चीचा हात सोडला नाही, कारण त्याच ठिकाणी, त्या पुलाच्या टोकाशी, त्यांना दर रविवारी खांद्यावर दोनदा थोपटल्यासारखं व्हायचं.

त्यामागची गोष्ट अशी होती. त्यांची बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. पाकिटांवर शिक्के मारून मारून तिचा उजवा हात असा तयार झाला होता की कोणाला शाबासकी दिली तरी समोरचा वाकायचा. गाडीवर हेल्मेटमुळे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून नवराबायकोची खांद्याची भाषा ठरली होती. एकदा थोपटलं की हळू. दोनदा थोपटलं की थांबा. तीस वर्षं ही भाषा बिनचूक चालली. ती थोपटायची, ते थांबायचे. मग ती उतरून पाय मोकळे करायची, किंवा एखादं फुलझाड बघायची, किंवा काहीच नाही, नुसती उभी राहायची. ते मनात चरफडायचे, पण थांबायचे.

चौदा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी दोघं तिच्या बहिणीकडे निघाली होती, डोंगरापलीकडच्या गावाला. हवेत गारवा होता, म्हणून तिने मागून दोन्ही हात त्यांच्या जॅकेटच्या खिशांत घातले होते. निघायला उशीर झालेला, बहीण जेवणाला खोळंबलेली. त्या पुलापाशी तिने उजवा हात बाहेर काढला आणि दोनदा थोपटलं. त्यांनी मान किंचित वळवून सांगितलं, "आलंच. दोन मिनिटं." ती काही बोलली नाही. हात पुन्हा खिशात गेला. थोड्या वेळाने तिचं डोकं त्यांच्या पाठीवर टेकलं. झोप लागली वाटतं, असं म्हणून त्यांनी गाडी हळू केली. खड्डे चुकवले. तिला जाग येऊ नये म्हणून वळणंही जपून घेतली. आणि त्यांना फार बरं वाटत होतं, हे त्यांना अजून आठवायचं. पाठीवर झोपलेली बायको आणि कोवळं ऊन.

अकरा किलोमीटर ते तसे गेले. गावाच्या तोंडाशी पेट्रोल पंपावर गाडी उभी करून म्हणाले, "उठा राणीसाहेब." ती एका बाजूला कलली. पंपावरच्या माणसाने धरली म्हणून खाली पडली नाही.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. नेमकं केव्हा, ते त्यांना सांगता येईना. एक्स-रेवाल्यांनी सगळ्यांना सांगितलं, पंपापाशी झालं. मेहुणीला तेच, हॉस्पिटलात तेच, चिमणीलाही तेच. पुलाचं कोणालाच नाही. आणि स्वतःला त्यांनी इतकंच सांगितलं होतं, की त्या पुलानंतर थांबायला जागाच नव्हती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कठडा, मागून ट्रक. थांबणार कुठे.

दुसऱ्या रविवारी हनुवटीचा कॅमेरा. हे रेकॉर्डिंग त्यांनी चिमणीला दाखवलं नाही. सोमवारी डब्याच्या सुट्टीत, तळघरातल्या फोटो बघायच्या खोलीत, दार लावून एकट्याने लावलं. चित्र छान होतं, जणू त्यांचेच डोळे. पूल आला. सांध्यावरचे ठोके ह्यात नव्हते. कप्तान म्हणाली तशी गाडीची थरथर हँडलवरच्यातच शिरते, हेल्मेटपर्यंत पोचत नाही. पण पूल सरला, आणि वाऱ्यातून एक आवाज स्पष्ट आला.

"आलंच. दोन मिनिटं."

त्यांचाच आवाज. मऊ, जरासा वैतागलेला, घरात वापरायचा आवाज. आपण काही बोललो हे त्यांना अजिबात आठवत नव्हतं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. कॅमेऱ्यात त्या क्षणी चित्रही किंचित वळत होतं, मान मागे वळवल्यासारखं. म्हणजे ते बोलत होते, मागे वळून. गेल्या रविवारीही बोलले असतील. वर्षभर दर रविवारी, त्याच जागी, ते तिला तेच उत्तर देत होते आणि पुढे जात होते.

बाहेरून कोणीतरी दार ठोठावलं, हात मोडलेला पेशंट आला होता. त्यांनी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि फोटो काढायला गेले. 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हणाले आणि 'सोडा' म्हणायचं विसरले. पेशंट बिचारा लालबुंद होईपर्यंत तसाच उभा राहिला.

"कसा वाटला?" संध्याकाळी कप्तानने विचारलं.

"बॅटरी लवकर संपते."

कप्तानने बॅटरी काढली, पाहिली, परत घातली. दोन भिंगांचा कॅमेरा देताना ती म्हणाली, "एक सांगते, काका. ह्याला सगळं दिसतं म्हणतात, पण दोन भिंगांच्या मध्ये एक फट असते. त्या फटीत अगदी जवळचं जे असेल, ते हा गिळतो. म्हणून तर त्याची काठी चित्रात दिसत नाही. सगळं असं कोणालाच दिसत नाही."

तिसऱ्या रविवारी त्यांनी सीटमागच्या सामानाच्या पेटीवर काठी बसवली आणि निघाले. मनाशी ठरवलं होतं की पुलापाशी तोंड घट्ट मिटून ठेवायचं. तसं ठेवलंही. दातावर दात दाबून पूल ओलांडला. वजन होतं. खांद्यावर दोनदा झालं. ते गप्प राहिले आणि पुढे गेले. गप्प राहून पुढे जाणं बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

दुपारी चिमणी आधीच लॅपटॉप उघडून बसली होती. हा कॅमेरा तिला भलताच आवडला. माउस हलवला की चित्र फिरायचं, बाप पुढून, बाप मागून, बापाच्या डोक्यावरचं आभाळ. "बघा तरी कसे बसलाय," ती म्हणाली. "सगळी सीट मोकळी आणि तुम्ही पार टाकीला चिकटलेले. पाठ दुखेल नाही तर काय होईल."

त्यांनी पाहिलं. खरंच होतं. मागे दुसऱ्याला ऐसपैस जागा ठेवून माणूस बसतो, तसे ते बसले होते. मागची सीट रिकामी होती, साफ रिकामी, ऊन पडलेली. फक्त त्यांच्या जॅकेटच्या पाठीवरचा पांढरा पट्टा एका जागी तुटला होता. वरचा भाग आणि खालचा भाग जुळत नव्हते, मधलं वीतभर नव्हतंच. दोन भिंगांची फट. एकतीस वर्षं फोटोंतले दोष ओळखण्यात गेलेल्या माणसाला ते समजलं. पण फट नेमकी तिथे होती, जिथे ती डोकं टेकायची. काय होतं, काय नव्हतं, ते त्या वीतभर जागेत कॅमेऱ्याने गिळलं होतं.

मग पूल आला. चिमणीने चित्र डावीकडे फिरवलं आणि सहज म्हणाली, "ही जागा काय मस्त आहे हो. इथे थांबून डोंगराचा फोटो काढायचा ना."

पुलाच्या टोकापासून वीस पावलांवर कठडा संपत होता आणि रस्त्याकडेला मोठी मोकळी जागा होती. सपाट, गवताची, एका झाडाची सावली असलेली. दोन ट्रक उभे राहतील एवढी.

एक्स-रेवाले बघत राहिले. वर्षभर ते त्या जागेवरून गेले होते. प्रत्येक वेळी त्यांनी समोर पाहिलं होतं.

"बाबा?"

"तिथे जागा नाही," ते म्हणाले.

"आहे की. ही काय."

"तिथे थांबायला जागा नव्हती, चिमणे." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. थोपटणं, दोन मिनिटं, हात परत खिशात जाणं, अकरा किलोमीटर. मागच्या आठवड्यातला आवाज आणि पुसलेलं रेकॉर्डिंग. वजन सुद्धा सांगितलं. एका सुरात, हाडाचा अहवाल वाचून दाखवावा तसं. चिमणी लॅपटॉपच्या कडेला धरून ऐकत होती. चित्रात ते अजून गाडी चालवतच होते.

तिने चित्र थांबवलं. मग म्हणाली, "कदाचित आईने थोपटलंच नसेल. तो सांधाच असेल. दोन ठोके. तुम्हाला तिचं वाटलं असेल."

तिने हे किती मनापासून पुढे केलं होतं ते त्यांना दिसत होतं. घ्यायचं म्हटलं तर घेता आलं असतं. "सांधा खांद्यावर लागत नाही गं," ते म्हणाले.

चिमणी उठली. पर्स घेतली, चपला घातल्या. दारात थांबून ती म्हणाली, "तुम्ही मला पंपापाशी म्हणाला होतात." आणि उत्तराची वाट न बघता गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. फोनही नाही. एक्स-रेवाल्यांनीही गाडी काढली नाही. कॅमेरा परत करायची तारीख उलटली तरी कप्तानचा निरोप आला नाही. घरात ते खुर्चीत बसले की पाठ टेकत नसत, पुढे सरून बसत. हे त्यांना आता कळायला लागलं होतं आणि कळल्यामुळे जास्तच भीती वाटत होती. बसमध्येही तसंच व्हायचं. जेवायला बसलं की तसंच.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बेल वाजली. चिमणी उभी होती, जाड जॅकेट घालून.

"आईचं हेल्मेट कुठंय?"

"कपाटावर. कशाला?"

"मला ती जागा बघायचीय. समजूत घालायला नाही आले मी, बाबा. बघायला आलेय."

आई गेल्यापासून मागच्या सीटवर बसणारं ते पहिलं माणूस. शहरातला सिग्नल सुटला, चढण लागली. वजन होतं, पण आता ते लेकीचं होतं, निदान तसं म्हणता येत होतं. तिला खांद्याची भाषा माहीत नव्हती. तिने त्यांचं जॅकेट दोन्ही बाजूंनी नुसतं मुठीत धरलं होतं. पूल आला. सांध्यावर दोन ठोके बसले, आणि खांद्यावर, नेहमीच्या जागी, दोनदा. चिमणीच्या दोन्ही मुठी कमरेशी होत्या. त्यांना त्या लागत होत्या.

त्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि त्या गवतावर उभी केली.

दोघं उतरली. इंजिन बंद झाल्यावर एकदम शांत झालं. चिमणी त्या झाडापर्यंत चालत गेली, परत आली, पुलाकडे पाहिलं, जागेची रुंदी नजरेने मोजली. एक ट्रकवाला हळू होऊन म्हणाला, "गाडी बंद पडली का?" एक्स-रेवाले म्हणाले, "नाही, थांबलोय." तो हात दाखवून गेला.

"इथून हॉस्पिटल किती लांब?" तिने विचारलं.

"पुढचं अकरा. मागचं चोवीस."

"म्हणजे थांबला असतात तरी—"

"माहीत नाही," ते म्हणाले. "ते मी पुष्कळदा मोजलंय. पण ती जमिनीवर असती. गवतावर. मी तिच्याकडे बघत असतो."

चिमणी रडली. त्यांच्याजवळ येऊन नाही, झाडापाशी उभी राहून, पाठ करून. त्यांना जावंसं वाटलं, पण ते जागेवरच राहिले. तिला ते नको होतं हे दिसत होतं. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं आणि येऊन त्यांच्याशेजारी गाडीला टेकून उभी राहिली. तिचा राग गेला नव्हता. पण ती टेकून उभी राहिली होती.

परत आल्यावर घराच्या दारात हेल्मेट काढता काढता ती म्हणाली, "पेटी पाठीला फार रुतली. इतकं मागे सरून बसावं लागलं."

"मी तर टाकीपर्यंत पुढे सरलो होतो."

"हो. मला दिसत होतं." ती थोडी थांबली. "तरी मला जागा कमी पडत होती, बाबा."

चिमणीने फ्रिज उघडून बघितलं आणि नासलेलं दूध ओतून दिलं.

सोमवारी एक्स-रेवाले दुकानात गेले, दोन भिंगांचा कॅमेरा काचेवर ठेवला, उशिराबद्दल माफी मागितली आणि हनुवटीचा द्या म्हणाले.

"त्याची बॅटरी लवकर संपते म्हणालात," कप्तान म्हणाली.

"खोटं बोललो होतो."

"ते कळलं होतं मला." तिने खोकं काढलं. "मागची सीट नाही दिसणार ह्यात."

"चालेल. मी काय बोलतो ते ऐकू येतं."

कप्तानने कॅमेरा स्वतः हेल्मेटला बसवून दिला, दोनदा हलवून पाहिला. "कधी ताफ्यात या," ती म्हणाली. "सगळ्यात मागे राहिलात तरी चालेल. तुम्ही थांबलात तर आम्ही खोळंबणार नाही आणि विचारणारही नाही."

ताफ्याबरोबर ते दोनदा गेले. नंतर एकटेच जाऊ लागले, कारण त्यांचं थांबणं फार व्हायचं. वजन गेलं नाही. टायर अजूनही लवकर झिजतो आणि मिस्त्री अजूनही गालात हसतो. फरक एवढाच, की खांद्यावर दोनदा झालं की ते थांबतात. पुलापाशी, वळणावर, कधी जिथे बघण्यासारखं काहीच नाही अशा ठिकाणी, शेताच्या कडेला. उतरतात आणि उभे राहतात.

चिमणी रविवारी दुपारी ती रेकॉर्डिंगं लावते. दुसऱ्या कोणाला बघवणार नाहीत अशी ती आहेत. दहा मिनिटं रस्ता, मग गाडी थांबते, मग चार-पाच मिनिटं समोर एखादा दगड किंवा तार आणि त्यांचा श्वास. ती पुढे ढकलत नाही, सगळं बघते. दर वेळी शेवटी त्यांचा आवाज येतो, "निघायचं?" त्यानंतर थोडा वेळ काहीच नसतं, वारा सुद्धा नसतो. मग ते गाडी चालू करतात.